माणशी आठ डॉलर

जहाजावर वजनकाटे दोन असतात. एक ‘हॉस्पिटल’ अशी पाटी लावलेल्या छोट्या खोलीत, दुसरा माझ्या प्रोव्हिजन रूमच्या दाराशी. पहिल्यावर कुणी आपणहून चढत नाही, कारण तिथला आकडा सेकंड ऑफिसर वहीत लिहून ठेवतो. दुसरा खरा चँडलरनं, म्हणजे बंदरातल्या पुरवठादारानं, पाठवलेली कोंबडी आणि मटण मोजून घ्यायचा. पण रात्री गॅली, म्हणजे बोटीवरचं स्वयंपाकघर, आवरून दिवा मालवायला जावं, तर कुणीतरी चपला काढून त्याच्यावर उभं असतंच. बोट डोलत असली की काटाही डोलतो. आत्ता ऐंशी, लगेच अठ्ठ्याऐंशी. वर उभा असलेला माणूस ऐंशीवर विश्वास ठेवतो आणि जाता जाता ‘मगाचचं काही उरलंय का?’ म्हणून फ्रिज उघडून बघतो.

मी चीफ कुक. रत्नागिरीकडचा. आमच्याकडचे जुने खलाशी गॅलीतल्या माणसाला भंडारी म्हणत. फिलिपिनो पोरं ‘मेयर’ म्हणून हाक मारतात, आणि कॅप्टनचं काही बिनसलं असलं की नुसतं ‘कुक’. बरीच वर्षं बल्क कॅरिअरवर गेली, मधली काही टँकरवर. एवढ्या काळात कितीतरी पोरं सडपातळ चढलेली आणि पोट घेऊन उतरलेली पाहिली. गावात लोकांना वाटतं, बोटीवर फुकटचं खायला मिळतं म्हणून माणूस सुटतो. फुकट मिळतं हे खरं, आणि ते मालकाच्या मेहेरबानीनं नाही. खलाशांच्या कामाचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, 2006 साली झालेला, 2013 पासून लागू झालेला आणि 2015 मध्ये भारतानंही मान्य केलेला, त्यात लिहिलंय की बोटीवर आहे तोवर खलाशाच्या जेवणाचा पैसा घ्यायचा नाही. पण ताटात काय पडणार हे बरंचसं मी कढई तापवण्याआधीच ठरून गेलेलं असतं.

ते ठरतं रेटवर. प्रत्येक बोटीला माणशी-रोजचा खाण्याचा रेट असतो. मी ज्या बोटींवर होतो तिथं तो सात ते नऊ डॉलरच्या मधे असायचा. त्यात सकाळचा नाश्ता, दोन जेवणं, दोन वेळचा चहा, रात्रीच्या वॉचवाल्यांचं खाणं, रविवारचं आइस्क्रीम आणि पोर्टात वर येणाऱ्या एजंटपासून पायलटपर्यंत सगळ्यांचा पाहुणचार. तांदूळ, मैदा, साखर, तेल, बटाटे आणि गोठवलेल्या कोंबडीच्या तंगड्या जगात कुठंही स्वस्त. पालेभाजी, चांगला मासा आणि फळं महाग. ब्राझीलमध्ये पपई आणि संत्री परवडतात. ऑस्ट्रेलियात टोमॅटोचा भाव बघून मी यादीवरची ओळच खोडून टाकतो. महिनाअखेर हिशेब कंपनीकडे जातो. रेट आठ असेल आणि आठाच्या आत राहिलं तर कुणी काही बोलत नाही. साडेआठ झालं की ईमेल येतो. पिवळ्या पडलेल्या माणसांबद्दल किंवा वाढलेल्या पोटांबद्दल मात्र ईमेल आल्याचं मला आठवत नाही.

मग रस्ता. ब्राझीलच्या तुबारांवहून लोहखनिज भरून चीनला चिंगदाओकडे निघालं, की केप ऑफ गुड होपला वळसा घालून सव्वा ते दीड महिना. निघताना व्हेज रूम हिरवीगार. तिथं चार डिग्री ठेवतो, मीट रूम आणि फिश रूम उणे अठरा. पहिल्या आठवड्यात लेट्यूस जातं, पाठोपाठ कोथिंबीर, मग काकडी पाणी सोडते. टोमॅटो उलटसुलट करून, डागाळलेले आधी वापरून कसेबसे तिसऱ्या आठवड्यापर्यंत न्यायचे. केळी हिरवी घेतली तरी एकदम सगळी पिकतात. दोन दिवस बोटीवर केळ्यांची चंगळ आणि मग महिनाभर दर्शन नाही. केपच्या पुढं माझ्याकडे उरतात कोबी, गाजर, भोपळा, कांदे, बटाटे आणि डब्यातला मका. सिंगापूरजवळून जाताना प्रोव्हिजनची बोट आली तर नशीब. नाही आली, तर बटाट्याचं काय काय होतं हे कुणी मला विचारावं.

पण रेट आणि रस्ता यांपेक्षाही मी ज्याला जास्त दोष देतो ते हात. बावीस माणसांच्या बोटीवर गॅलीत आम्ही दोघं, मी आणि मेसमन. माझे चुलते मोगल लाइनच्या हजच्या बोटींवर होते. ते सांगायचे, तेव्हा साहेबांचा स्वयंपाक वेगळा, खलाशांचा वेगळा, आणि प्रत्येकाच्या हाताखाली माणसं. आता ऑटोमेशननं बोटीवरची माणसं निम्म्याहून कमी झाली आणि गॅलीतली त्याहून कमी. मेसमन भांडी घासतो, मेसरूम पुसतो, अधिकाऱ्यांच्या केबिनी झाडतो, चादरी बदलतो. उरलेल्या वेळात मला मदत. बोटीवर दहा-बारा भारतीय असले तर एका जेवणाला पन्नासच्या आसपास चपात्या लागतात. भिजवायच्या, लाटायच्या, भाजायच्या. एकट्यानं करायला गेलं तर दीड तास गेला. तेवढ्यात फिलिपिनोंची सूप-मासळी, कॅप्टनचं पथ्य आणि दुसऱ्या दिवसाचं मांस बाहेर काढणं कोण करणार? म्हणून मग गोठवलेले पराठे. पाकीट फोडा, तव्यावर टाका, दोन मिनिटांत फुगलेला, पदर सुटलेला पराठा. पोरं खूश. तव्यावर तेलाचा थेंबही घालावा लागत नाही, इतकं तूप-मार्जरीन त्यात आधीच भरलेलं. डब्यातली बीन्स, सॉसेज, नगेट्स, तयार पिझ्झा, सगळ्याचं तेच. वेळ वाचतो तिथं चरबी येते. लठ्ठपणावर बोलणाऱ्या पोस्टरांत मी अजून कुठं ‘मेसमन’ हा शब्द वाचलेला नाही.

फिलिपिनो मंडळींचं गणित वेगळं. त्यांना तिन्ही वेळा भात हवा. सकाळी आदल्या दिवसाचा भात लसूण घालून परततात, वर अंडं. दुपारी डुकराचं मांस सोया आणि व्हिनेगरमध्ये शिजवलेलं, चरबीच्या तुकड्यासकट. चरबी काढली तर बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, माझ्याकडे असा बघायचा की मी त्याच्या घरचं काही चोरलंय. आपल्या पोरांना रविवारी बिर्याणी, बुधवारी पुरी-भाजी. उत्तरेकडचा चीफ इंजिनियर असेल तर दालफ्रायवर लोण्याचा गोळा. आणि हे सगळं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. भर समुद्रात माणसाला आजचा वार कळतो तो जेवणावरून. बिर्याणी आली म्हणजे रविवार. तो एक दिवस माझ्याकडून काढून घेतला तर बोटीवर बंड होईल, आणि बंडात मीही सामील असेन.

खायचं कमी आणि कामाचं जास्त, असं पूर्वी होतं म्हणतात. आता हॅच हायड्रॉलिकवर उघडतात, दोर विंचवर गुंडाळले जातात, इंजिन रूम रात्री माणसाशिवाय चालते आणि इंजिनियर वातानुकूलित कंट्रोल रूममध्ये स्क्रीनसमोर बसतात. खाली मशिनरीजवळ मात्र चाळीस-पंचेचाळीस डिग्री. तिथून घामाघूम होऊन वर येणारा ऑइलर पाणी पीत नाही, थंड कोला पितो. बोटीवरच्या करमुक्त दुकानातून, बाँड स्टोअरमधून, पेटीच घेऊन ठेवलेली असते केबिनमध्ये. 330 मिलिलिटरच्या एका डब्यात साधारण 35 ग्रॅम साखर. दिवसाला चार डबे पिणारे मी पाहिलेत, आणि तेच लोक चहात साखर नको म्हणतात. बारा-ते-चारचा वॉच करणाऱ्यांचं तर जेवणाचं घड्याळच मोडलेलं. मध्यरात्री उठायचं, चार वाजता उतरायचं, झोप येत नाही म्हणून कप नूडल्स, मग झोप, मग दुपारी बारापूर्वी जेवण आणि पुन्हा वॉच. नियमानं चोवीस तासांत दहा तास विश्रांती हवी, वहीत ती असतेही. पण पोर्टात लोडिंग चालू असताना ती कशी मिळते ते वहीला विचारू नये.

व्यायामाची खोली असते. एक ट्रेडमिल, एक सायकल, काही डंबेल. बोट डोलायला लागली की ट्रेडमिलवर धावणं म्हणजे हात मोडून घेणं. डेकवर फेऱ्या मारता येतात. केपसाइज बोट पावणेतीनशे मीटरच्या वर लांब, दोन फेऱ्यांत किलोमीटर सहज होतो. पण खराब हवेत डेकवर जायला बंदी, पोर्टात लोहखनिजाची धूळ, विषुववृत्ताजवळ पाय भाजतात. एक सेकंड मेट होता, संध्याकाळी सहाला हॅचच्या कडेनं नेमानं चालायचा. त्याच्या मागं हळूहळू पाच-सहा जण लागले. तो उतरला आणि चालणं बंद पडलं. बोटीवर सवयी माणसाबरोबर साइन ऑफ होतात.

गंमत अशी, की बोटीवरचं सगळ्यात चांगलं जेवण खराब हवेत मिळतं. केपच्या दक्षिणेला लाटा उठल्या की शेगडीला आडवे गज लावतो, भांडी अडकवतो आणि तळण बंद. गरम तेलाची कढई सांडली तर मी गेलो आणि माझ्याबरोबर गॅलीही. मग मुगाची खिचडी, उकडलेली अंडी, भोपळ्याचं सूप, ताक असेल तर ताक. आठवडाभर सगळे कुरकुरतात आणि सगळ्यांची पोटं हलकी होतात.

त्याच पट्ट्यात, केपच्या अलीकडे, एका फेरीत आमच्या फिटरच्या छातीत कळ आली. पन्नाशीचा माणूस, शंभरीच्या वर वजन, विनोदी, हातात सोनं. कुठलाही तुटलेला पाइप जोडून द्यायचा. रात्री दहाच्या सुमाराला त्यानं मेसरूममध्ये अॅसिडिटीची गोळी मागितली. मी दिली नाही, सेकंड ऑफिसरला उठवलं. मालवाहू बोटीवर डॉक्टर नसतो. औषधांची पेटी आणि ती उघडणारा सेकंड ऑफिसर, एवढंच. त्यानं रोमला फोन लावला. रोममध्ये 1935 पासून एक केंद्र आहे, जगातल्या कुठल्याही बोटीला फुकट वैद्यकीय सल्ला देतं. तिथल्या डॉक्टरनं लक्षणं विचारली, अॅस्पिरिन चघळायला लावली, जिभेखाली स्प्रे, ऑक्सिजन, आणि जवळच्या बंदराकडे वळा म्हणून सांगितलं. जवळचं बंदर केपटाउन, दोन दिवसांवर. हेलिकॉप्टरच्या टप्प्यात यायलाही दीड दिवस. ते दीड दिवस त्याच्या केबिनमध्ये आळीपाळीनं कुणी ना कुणी बसलं होतं. मी त्याच्यासाठी पेज करायचो. मीठ घालू की नको, हे कुणाला विचारायचं ते कळेना. शेवटी बिनमिठाची दिली आणि त्यानं त्या अवस्थेतही तोंड वाकडं केलं.

खरी परीक्षा त्याला बाहेर काढताना झाली. केबिन तिसऱ्या मजल्यावर, जिने अरुंद आणि उभे, प्रत्येक मजल्यावर वळण. स्ट्रेचरमध्ये पट्ट्यांनी बांधलेला शंभर किलोंचा माणूस, खाली चौघं, वर चौघं. वळणावर स्ट्रेचर जवळजवळ उभं करावं लागलं. एका पायरीवर बोसनचा गुडघा वळला आणि क्षणभर सगळं वजन दोन पोरांवर आलं. फिटर डोळे मिटून ‘सॉरी, सॉरी’ पुटपुटत होता. मला त्या शब्दाचा राग आला, अजून येतो. हॅचवर हेलिकॉप्टरनं त्याला उचललं. केपटाउनमध्ये स्टेंट बसला, तो वाचला, घरी गेला. पुढं मेडिकलमध्ये त्याला फिटनेस मिळालं नाही आणि बोट कायमची सुटली.

त्यानंतरच्या महिन्यातल्या लाइफबोट ड्रिलला मी प्रथमच जागा नीट मोजल्या. दर महिन्याला हे ड्रिल होतं; आत बसायचं, पट्टा लावायचा, हजेरी, बाहेर. आमची लाइफबोट जुनी, बाकांवर रंगानं नंबर टाकलेले. नियमानं एका माणसाला 430 मिलिमीटर रुंदी, म्हणजे सतरा इंचांहून जराशी कमी. अंगावर लाइफजॅकेट धरून. जुन्या लाइफबोटींत माणसाचं वजन 75 किलो धरलेलं. 2010 पासून मालवाहू जहाजांच्या लाइफबोटींसाठी ते साडेब्याऐंशी केलं. नियम करणाऱ्यांनीही पोटं पाहिली असणार. आमच्यातले तिघं पट्टा लावू शकत नव्हते. चीफ ऑफिसरनं पट्टे ढिले करून घ्यायला सांगितलं आणि वहीत लिहिलं, ड्रिल समाधानकारक.

टाकीच्या तोंडांचंही तसंच. बॅलास्ट टँकचं मॅनहोल अंडाकृती, पुष्कळदा सहाशे बाय चारशे मिलिमीटरचं. आत जाताना श्वास सोडून उतरणारे लोक मी पाहिलेत. आत कुणी बेशुद्ध पडला तर त्याला त्याच तोंडातून, तेही दोरानं, वर ओढायचंय.

मेडिकल हा आमचा सगळ्यात मोठा सण म्हणायला हरकत नाही; उपासही त्याच्यासाठीच करतात. सर्टिफिकेट दोन वर्षांचं, पण बऱ्याच कंपन्या प्रत्येक जॉइनिंगच्या आधी स्वतःची तपासणी करून घेतात. रजेत पगार नसतो. काँट्रॅक्टवरच्या माणसाला बोट नाही तर पैसा नाही. त्यामुळं ‘तात्पुरता अनफिट’ हे शब्द म्हणजे घराचा हप्ता थांबणं. मुंबईत मेडिकलच्या आधी महिनाभर काकडी खाऊन राहणारे, पहाटे मैदानात फेऱ्या मारणारे बोटीवाले मला ठाऊक आहेत. रक्तदाबाची गोळी खिशात दडवून चढणारेही. पास झाल्यावर त्याच दिवशी मटण. माझी उंची 168 सेंटिमीटर. जगभर उंची-वजनाचा जो निकष लावतात त्यानं मी 84 किलोंपर्यंत फक्त ‘जास्त वजनाचा’. भारतीयांसाठी डॉक्टर जो निकष वापरतात त्यानं 71 किलोंनाच लठ्ठ. आपल्या लोकांची चरबी पोटाभोवती साठते आणि साखर-हृदयाचं दुखणं कमी वजनात गाठतं, म्हणून हा वेगळा आकडा. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत हवी. हे मला एका तपासणीत डॉक्टरबाईंनी टेप लावून सांगितलं. माझी कंबर किती ते इथं लिहीत नाही.

घरी मात्र उलटं. चार महिन्यांनी कुणी बारीक होऊन आला तर आई म्हणते, बोटीवर खायला देत नाहीत का रे? आणि जो गोल होऊन आला त्याची ‘तब्येत सुधारली’. मग घरोघरी आमंत्रणं, सुरमई, आंबोळ्या, गणपतीत मोदक. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरवर जाळी ओढणारे खलाशी पाहावेत; हातांवर शिरा, पोट पाठीला लागलेलं. त्यांचा समुद्र वेगळाच. त्यांच्यातल्या एकानं मला एकदा विचारलं होतं, ‘दादा, तुमच्या बोटीवर काम असतं का?’

2020 मध्ये तर कहरच. क्रू चेंज बंद. जगभरात चार लाखांच्या आसपास खलाशी मुदत संपूनही बोटींवर अडकले होते, आमची बोटही त्यात. बंदरात पाय ठेवायला मनाई. लोक केबिनीतून जेवायलाच काय ते बाहेर पडायचे. मी त्या दिवसांत रोज गोड करायचो. कॅप्टननंच सांगितलं होतं, कुक, पोरांना काहीतरी देत जा. शिरा, कस्टर्ड, बनाना केक. त्याबद्दल मला कुणी बोल लावला तर मी ऐकून घेणार नाही. त्या बोटीवर एकही माणूस समुद्रात उडी मारायला गेला नाही.

अलीकडे काही बदल मी माझ्यापुरते केलेत. सॅलड आधी वाढतो आणि भात मागं ठेवतो. रांगेत पहिल्यांदा जे दिसतं तेच ताटात जास्त पडतं. मूग-मटकी भिजवून मोड आणतो, त्याला चँडलर लागत नाही आणि केपच्या पुढंही हिरवं काहीतरी मिळतं. सरबताची पावडर मेसरूममधून हलवली, लिंबू-पाण्याचा जग ठेवला. पहिल्या आठवड्यात पावडर कुणीतरी शोधून काढली. कंपनीनं ‘निरोगी आहार’ म्हणून रंगीत पोस्टर पाठवलं. त्यावर सालमन आणि ब्रोकोली, आणि सोबतच्या ईमेलात रेट तोच. डिसेंबर 2024 पासून त्या आंतरराष्ट्रीय करारात समतोल, पौष्टिक जेवणाचं आणि चांगल्या पिण्याच्या पाण्याचं कलम आणखी पक्कं झालंय. चांगलंच झालं. त्यात गॅलीला आणखी एक माणूस द्या, असं वाक्य असतं तर मी लॅमिनेट करून लावलं असतं.

परवा पुढच्या बोटीसाठी फोन आला. मॅनिंग ऑफिसातला मुलगा पटापट सांगत होता: केपसाइज, बावीस माणसं, अकरा भारतीय, ब्राझील-चीन, जॉइनिंग सिंगापूर. पगार सांगितला. मी विचारलं, रेट किती? तो थोडा गोंधळला, कुक लोक हे विचारत नसावेत. बघून म्हणाला, आठ. मी म्हटलं, ठीक आहे, येतो. फक्त एक काम करा, माझ्याबरोबर मेसमन म्हणून कुणाला चढवताय, त्याला आधी फोन करून विचारा, चपात्या लाटता येतात का.